उजव्या चाकाचा ड्रम

बाबा गेले तवापासून माय माझ्या भावाशी बोलत नव्हती. एकाच घरात राहणं, एकाच चुलीवरचं खाणं, पण बोलणं दुसऱ्याच्या तोंडून. मी घाटंजीहून माहेरी आली की सुरूच. "त्याले सांग, ढोरं सोड. त्याले विचार, जेवतं का." अन् तो तिथंच उभा! मले असा राग यायचा. एकदा म्हणलीच, "मी का टपाल वाटाले येते का इथं?" दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

झालं असं होतं. भाऊ वावरातून ट्रॅक्टर आणून राह्यला होता, बाबा मडगार्डवर बसले होते. सारेच बसतात तसे. वावरातून गावाकडे उतार हाये अन् डाव्या अंगाले नाला. त्या उतारावर ट्रॅक्टर नाल्यात गेला, बाबा खाली सापडले. भावाले नुसतं खरचटलं. तो म्हणे, डावा ब्रेक लागला, उजवा लागलाच नाही, म्हणून डावीकडे ओढला गेला. माय म्हणे, विजेची लाईन रात्रीची होती, रातभर ओलित करून आलता, डोळा लागला याचा. गावानं मायचंच खरं धरलं. गावाले काय, पारावर बसून बोलाले विषय पाहिजे.

ट्रॅक्टर नाल्यातून ओढून आणला तो आंगणातल्या निंबाखाली पडला. माय कोणाले हात लावू देत नव्हती. दोन पावसाळे खाल्ले त्यानं. औंदा तिनंच म्हणलं, विकून टाका, नजरेसमोर नको. गिऱ्हाईक म्हणे, पहिले ब्रेक करून द्या. भावाले तेवढंच पाहिजे होतं. त्याचा मले फोन आला, "तू ये. मायसमोर उजव्या ब्रेकचा ड्रम खोलायचा हाये. आतलं सील गेलं असन, गिअरचं तेल लायनरवर उतरलं असन. तेल लागलं का ब्रेक धरतच नाही. दिसूनच जाईन सारं." किती दिवसानं त्याचा आवाज असा मोकळा ऐकला. मले मात्र भेवच वाटला.

मी आली त्या दिवशी भावानं ट्रॅक्टरचा मिस्त्री बोलावला. त्यानं पहिले डावं चाक काढलं. तिकडचा ड्रम लवकर निघाला, आतलं लायनर कोरडं, चांगलं जाडजूड. भाऊ लगेच म्हणाला, "हा बराबरच होता. मी कवा नाही म्हणलं?" मायनं आपली बाज उन्हातच ओढून आणली अन् उजव्या चाकासमोर बसली. पदर डोक्यावर, नजर चाकावर.

उजवा ड्रम दोन चपट्या स्क्रूंनी धरून होता, अन् ते गंजून गच्च बसले होते. मिस्त्रीनं पेचकस लावून वरून हातोडा हाणला, तर खाचाच झिजल्या. मंग गॅसनं तापवतो म्हणून तो वाकला अन् थांबला. "हे एवढं ओलं काहून हाये?"

"डिझेल सोडून राह्यलो ना मी," भाऊ म्हणाला. "स्क्रूवर, कडेच्या फटीत, सकाळ-संध्याकाळ. ढिलं व्हावं म्हणून."

"मंग ज्योत नाही लावत बाप्पा, भडकन पेटन." मिस्त्रीनं छन्नी काढली. स्क्रूच्या कडेवर तिरपी धरून घाव घालू लागला. एक स्क्रू कुरकुरत फिरला. दुसऱ्याचं डोकंच उडालं, तो ड्रिलनं पोखरून काढावा लागला. मी मनातल्या मनात म्हणून राह्यली होती, तेल निघू दे देवा. बाबा तर येत नाहीत, निदान तेल निघू दे.

ड्रम निघाला. आतलं लायनर ओलंचिंब होतं.

"पाह्य!" भाऊ ओरडला. "पाह्य माय, तेल! म्हणलं नव्हतं मी?" त्यानं ती लायनरची पट्टी मिस्त्रीकडून हिसकूनच घेतली अन् मायसमोर धरली. मायनं तिच्यावरून बोट फिरवलं, नाकाले लावलं. "डिझेल हाये," ती म्हणाली.

आमी सारे मिस्त्रीकडे पाहू लागलो. त्यानंही हुंगलं. "डिझेलच. फटीतून आत उतरलं सारं."

"पण त्याच्या खाली पहिलेचं तेल असन ना?"

"असन. नसन बी. एवढ्या डिझेलनं सारं धुऊन गेलं भाऊ, आता कोण सांगते? सील बी कडक होऊन चिरलं हाये, पण ते तवाच चिरलं का उभ्या-उभ्या वाळलं, तेही नाही समजत."

भाऊ खालीच बसला. मले वाटलं, धावून जावं, मिस्त्रीच्या थोबाडीत मारावं, म्हणावं, खोटं बोलता येत नाही का तुले? तेल होतं म्हणाले काय जात होतं तुझं? पण मीही उभीच राह्यली.

माय बाजेवरून उठली, त्याच्यासमोर उकिडवी बसली. अन् बाबा गेल्यावर पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली, अगदी हळू आवाजात. "खरं सांग बाप्पा, तुले झोप लागलती का रे?"

आजवर हा प्रश्न कोणी केला का तो खेकसून उत्तर देत होता. त्या दिवशी पट्टीकडे पाहत राह्यला. म्हणाला, "माय, आता मलेच नाही माहीत."