धुळ्याच्या तबेल्यातलं भुश्याचं पारडू

…म्हशीने पान्हा सोडला की पारडू ओढून खुंट्याला बांधायचं आणि चारही सड पिळून घ्यायचे. त्या सकाळीही तेच केलं. वगार, म्हणजे मादी, असती तर एक सड तिला सोडला असता. हा पडला नर, हल्या. याला दूध कशाला, असं आमच्या असोद्यात सगळेच म्हणत, मीही म्हणायचे. त्याचे गुडघे थरथरत होते ते दिसलं होतं, पण मला गाडी गाठायची होती. शेजारच्या नानांना संध्याकाळची आणि दुसऱ्या सकाळची धार सांगितली आणि निघाले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. यजमान जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. धुळ्याची चुलत नणंद, अक्का, म्हैस विकणार होती. दुसरी म्हैस आली की घर नीट चालेल, असा माझा हिशेब.

आता रस्ता चौपदरी आहे, लवकर पोचाल. तेव्हा एरंडोल, पारोळा करत एसटीला तीनेक तास लागत. पारोळ्याला गरम भजी खाल्ली, माठातलं पाणी प्यायले.

अक्कांचा तबेला नाल्याला लागून. सगळं शेण पाण्याने नाल्यात ढकलायचे. बाहेर बाया हंडे घेऊन टँकरसाठी ताटकळत होत्या, आत नळीने म्हशींची आंघोळ चाललेली. एक बाई म्हणाली, "पुढच्या जन्मी म्हैसच व्हायचं, ताई." मी हसले.

धारेच्या वेळी गड्याने काखेत पारडू आणलं. त्याला पाय नव्हते. म्हशीच्या मेलेल्या पारडाचं नुसतं कातडं, आत भुसा. म्हैस ते चाटत राहिली आणि दूध उतरलं.

"काय दखी ऱ्हायनी, वहिनी?" मी टक लावून बघतेय हे पाहून अक्का म्हणाल्या. "बठ्ठा असंच करतस."

"सगळे करतात, पण तिला कळत नसेल का, अक्का?"

"माले काय इचारस? तिले इचार."

म्हशीचं काही न ठरवता दुसऱ्या दिवशी परतले. नाना दारातच उभे होते.

"काल संध्याकाळीच पारडू आडवं पडलं, वहिनी. सकाळी गेलं. कातडं सोलून भुसा भरून घेऊ, नाही तर म्हैस दूध चोरेल, पान्हाच सोडणार नाही."

मी त्याला मारलं नाही, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण त्याच्या वाटणीचं दूध रोज माझ्याच बादलीत होतं. धुळ्याला काय पाहिलं असं कोणी विचारलं, की मला भुश्यावरून फिरणारी ती जीभच आठवते.

त्या दिवशी मात्र नानांना भुसा भरायला नको म्हटलं, आणि पारडू कातड्यासकट बांधाला पुरलं.