हाताला वेढलेली दोरी

हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या प्लाटूनची नेमणूक उत्तर सीमेवरच्या एका उंच चौकीवर झाली. मी तेव्हा नाईक होतो. गाव लाटंबार्से. घरातला पहिला पदवीधर मी, म्हापशाला बी.एस्सी. झालो ते आईने काजूच्या बागांत केलेल्या मजुरीवर. चौकीवर माझ्याखेरीज गोव्याचा एकच जण होता, हळर्णचा लान्स नाईक गावस. तो मला मास्तर म्हणायचा.

बर्फाने वाट बंद झाली की रसद विमानातून टाकली जाई. आटा, डाळ दुहेरी पोत्यांत भरून तशीच टाकत. औषधांच्या पेट्या पॅराशूटने येत. खळ्यावर भात वारवताना जड दाणा पायाशी पडतो आणि कोंडा लांब जातो, तसंच हे. पोती आम्ही बर्फावर केलेल्या खुणेजवळ पडत, पॅराशूट भरकटे. उंचावरची हवा विरळ. ती कमी अडवते, म्हणून पॅराशूटची छत्री तिथे जास्त वेगाने खाली येते. पण जमिनीवर टेकल्यावरही काम संपत नाही. वारा आला की आडवी पडलेली छत्री पुन्हा फुगते आणि पेटी ओढत नेते. पडताना जी हवा पेटीला सावरते, तीच मग तिला पळवते.

म्हणून ड्रिल पक्कं होतं. आधी छत्रीवर अंग टाकून ती दाबायची, मग पेटीला हात लावायचा. दोरी हाताला गुंडाळायची नाही.

गावस दर वेळी गुंडाळायचा. सुभेदारसाहेब ओरडत, "गावस, हाथ खोल!"

तो दोरी सोडवायचा आणि मला हळूच म्हणायचा, "मास्तर, दावा सैल सोडलंय तर बैल लोकांच्या शेतात. माजो हात आयकत नाय, काय करू?"

मी हसायचो. आमच्याकडेही बैलाचं दावं हाताला वेढा घालूनच धरतात.

जानेवारीत सिपाही जाधवच्या फुप्फुसांत पाणी झालं. ओठ निळे पडले. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उतरू शकत नव्हतं. रेडिओवर डॉक्टरसाहेब म्हणाले, "ऑक्सिजन आणि इंजेक्शनं ड्रॉप करतोय. आज मिळाली नाहीत तर तो राहणार नाही. ओव्हर."

दुपारी विमान आलं. पेटी खुणेच्या पुढे, कड्याच्या बाजूला पडली आणि छत्री फुगून तिला सरकवू लागली. गावस आणि मी धावलो. मी मांडीपर्यंत बर्फात रुतलो. तो पुढे गेला.

वळसा घालून छत्रीपर्यंत जायला वेळ नव्हता. त्याने दोऱ्या पकडल्या, मनगटाला वेढा दिला आणि टाचा रोवल्या. पेटी थांबली. मी पोचलो.

"काप, मास्तर!"

मी पेटीला छत्रीशी बांधणारे पट्टे कापले. पेटी माझ्याकडे आली. आता छत्रीला फक्त तोच धरून होता.

"गावस, सोड!"

त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला. त्याने मूठ उघडली. उघडलेली मूठ मी पाहिली. दोरी सुटली नाही. छत्री त्याला ओढत कड्यापलीकडे घेऊन गेली.

पहाटेपर्यंत जाधवचे ओठ लाल झाले. तो वाचला. वारा पडल्यावर आम्ही गावसला खालून वर आणलं. दोरी मनगटावर तशीच होती. सुभेदारसाहेबांनी ती स्वतः सोडवली, कोणाला हात लावू दिला नाही.

रजेवर आल्यावर मी हळर्णला गेलो. त्याचे वडील शेतातून बैल घेऊन येत होते. मी त्याच्या चौकीवरचा, असं सांगितल्यावर थांबले.

"तो कसो गेलो?"

मी सगळं सांगितलं, दोरीचंही. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. दाव्याचे दोन वेढे मनगटावर होते.

"मियाच शिकवलंय तेका," ते म्हणाले.

त्यांनी एकेक वेढा सोडवला आणि दावं खाली टाकलं. बैल कुठे गेला नाही. तिथेच उभा राहिला.