दार कोण बघत होतं?

माझ्या मामाने एकतीस वर्षं शहरात बस चालवली, त्यातली तेवीस वर्षं एकाच कंडक्टरबरोबर. लोकांचे संसार मोडतात, ही जोडी नाही मोडली. पुढे मामा, मागे कंडक्टरकाका आणि दोघांच्या मध्ये दोरीची घंटा. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चल. थांबा आला की दाराचा खटका दाबायचं काम मामाचं. दारातून कोण उतरतंय, कोण चढतंय, कोणाची पिशवी अडकलीये, ते बघायचं काम काकांचं. मामाने कधी मान वळवून मागे बघितलं नाही. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

निवृत्त झाला तरी खोड काही गेली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते उगीच नाही. मामीला बाजारात न्यायचं तर हा गाडीत बसणार, किल्ली फिरवणार आणि ढिम्म बसून राहणार. मामी तोंडाने 'टिंग टिंग' म्हणाली की मगच गाडी हलायची. सुरुवातीला ती चिडायची, नंतर चपलेत पाय घालतानाच म्हणून टाकायला लागली.

मग त्याने भंगारात निघालेली एक छोटी बस आणली आणि दोन वर्षं खपून तिचं मोटरहोम केलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, वळणावर उघडू नयेत म्हणून कपाटांना कड्या, सगळं स्वतःच्या हाताने. जुन्या बसमधल्या दोनच गोष्टी त्याने ठेवल्या. एक, हवेवर उघडणारं दार. दुसरी, दारापाशी मागे असलेली एकटी खुर्ची, कंडक्टरची. मी म्हटलं, अरे तिथे मस्त फ्रिज बसेल. तर म्हणे, तिथे फ्रिज बसत नाही. मी टेप घेऊन मापं काढून दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी. ते घर तयार झालं की दोघे मित्र समुद्र बघायला जाणार होते, आणि ती खुर्ची कोणाची हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण त्याआधीच काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बायको कधीच वारलेली, घरात ते आणि त्यांचा कुत्रा चिल्लर, दोघेच. आठ वर्षांपूर्वी डेपोत बसखाली सापडलेलं तपकिरी पिल्लू, एक कान उभा, एक दुमडलेला. काकांच्या पिशवीत चिल्लर कधी नसायची, म्हणून प्रवाशांची तोंडं बंद करायला हे नाव ठेवलं. लांबच्या शहरातून लेक आली आणि वडिलांना रुग्णवाहिकेतून घेऊन गेली. चिल्लर फाटकापर्यंत धावला, आणि तेव्हापासून त्याने चाकाच्या कुठल्याही वस्तूची धास्ती घेतली. मामाने त्याला आपल्या घरी आणलं ते दीड तास चालत. गाडीत बसवायला गेलं की थरथर कापायचा आणि ओकायचा.

तीन महिने तो मामाच्या फाटकाकडे तोंड करून पडून होता. अर्धं जेवायचा, अर्धं मुंग्यांना. तिकडून लेकीचे फोन यायचे की बाबा व्यायाम करत नाहीत, बोलत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात. हे पहिले महिनेच कामाचे, नंतर हात उठायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. रोज एकच विचारतात, चिल्लर आला का. त्या दिवशी मामाने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "याला तिकडे पोचवायचा. कसा, ते तू सांग."

मला का, तर मी प्राण्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. डॉक्टर नाही हो, नंबर लावते, औषधं देते, मांजरं ओरबाडतात ते सोसते. पण बारा वर्षं बसून बसून दगडालाही काहीतरी कळतं. मी मामाला सांगितलं, रस्ता दोन दिवसांचा आहे, पण तयारी एक महिन्याची आहे. मला वाटलं, कुरकुर करेल. पण सहामाही परीक्षेला बसल्यासारखं त्याने सगळं वहीत लिहून घेतलं.

पहिला आठवडा इंजीन बंद. चिल्लरची थाळी आधी पायरीपाशी, मग पायरीवर, मग आत. पिंजरा कायम उघडा आणि त्यात काकांचा न धुतलेला गणवेशाचा सदरा. दुसऱ्या आठवड्यात इंजीन सुरू, गाडी उभी. पहिल्या दिवशी चिल्लर जो पळाला तो थेट मामीच्या पलंगाखाली. चौथ्या दिवशी सदऱ्यात नाक खुपसून पडून राहिला. मग गल्लीला एक चक्कर, मग दोन. निघण्याआधी तीन तास खायला नाही, पाणी थोडं थोडं, पिंजऱ्यावर पातळ चादर, ऊन लागेल तिथे पिंजरा नाही, गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला. चालत्या गाडीत कुत्रा मोकळा सोडायचा नाही, म्हणून पिंजरा पट्ट्यांनी आवळून बांधायचा. कुठे बांधायचा यावर चर्चा झालीच नाही, मामाने तो त्या खुर्चीच्या पायांना बांधला.

आणि सगळ्यात मोठा नियम मी कागदावर ठळक लिहून स्टिअरिंगच्या वर चिकटवला: 'आधी पट्टा, मग दार.' मामा म्हणाला, मला वाचता येतं. मी म्हटलं, येतं ना, मग वाच.

आम्ही निघालो. मामी गुडघ्यांमुळे घरी राहिली, त्यामुळे टिंग टिंग म्हणायचं काम माझ्याकडे आलं. चाळिशीतली बाई मी, दर थांब्यानंतर घंटेचा आवाज काढत होते. पण चालवणं बघावं तर मामाचं. ब्रेक असा लावायचा की कपातला चहा हलू नये. बसमध्ये म्हातारी माणसं उभी आहेत असं समजून चालवतो, म्हणाला. चिल्लर पहिले दोन तास धापा टाकत होता, मग निजला. संध्याकाळी त्याने अख्खं उकडलेलं अंडं खाल्लं. मी फोटो काढून लेकीला पाठवला आणि स्वतःवर फार खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तीन तासांचा रस्ता उरला होता तेव्हा, एका पेट्रोल पंपाच्या कडेला थांबलो. मी मागे जाऊन पिंजरा उघडला. चिल्लरने डोकं बाहेर काढलं, माझ्या एका हातात पट्टा, दुसऱ्या हाताने मी त्याचा गळा चाचपत होते. पुढे मामाने इंजीन बंद केलं, हातब्रेक ओढला आणि थांबा आला म्हणून त्याचा अंगठा आपोआप खटक्यावर गेला. एकतीस वर्षांचा अंगठा तो, त्याला कागद वाचता येत नव्हता. फुस्सकन दार उघडलं. त्या आवाजाने चिल्लर दचकला, माझ्या हातातून निसटला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या माळावर. एक ट्रक त्याच्या शेपटीला घासून गेला.

मामा 'चिल्लर, चिल्लर' ओरडत मागे धावला. पंपावरची दोन माणसं खिसे चाचपायला लागली. मामा जितका जवळ जाई तितका चिल्लर लांब. शेवटी मी ओरडून मामाला थांबवलं. कुत्र्याच्या मागे धावलं की त्याला वाटतं, पळायचंच आहे. मामा परत आला आणि गाडीच्या पायरीवर बसला. चिल्लर लांब एका झुडपाखाली अंग चोरून बसलेला दिसत होता. मध्ये तो रस्ता आणि त्यावरून सारखी जाणारी अवजड वाहनं.

मी मामाला फाडफाड बोलले. कागद डोळ्यासमोर होता, महिनाभर घोकून घेतलं होतं, एवढंसं काम होतं. तो उलटून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं खाली बघितलं आणि म्हणाला, "तेवीस वर्षांत त्याने माझ्या गाडीतून एक माणूस पडू दिला नाही. माझ्या ताब्यात एकच जीव दिला होता."

काकांना फोन कर म्हटलं, तर नको म्हणाला. कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, आहे त्याच तोंडाने. आणि मीच नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन त्याच्या हातात दिला.

लेकीने फोन काकांच्या कानाला लावला. मामाने काही न लपवता सगळं सांगितलं. मग जड जिभेने, एकेक शब्द ओढत काकांनी विचारलं, "दार कोण बघत होतं?"

"कोणीच नाही," मामा म्हणाला.

"मग... मी... बघतो."

आम्हाला काही कळेना. लेकीने समजावलं, की बाबा म्हणतायत, आवाज मोठा करा. मामाच्या बसमध्ये गाण्यांसाठी छताला दोन कर्णे बसवलेत. मी फोन त्यांना जोडला, दार सताड उघडं ठेवलं आणि आम्ही दोघे बाजूला जमिनीवर बसलो. पंपावरच्या माणसांना हात जोडले, तशी ती भली माणसं रस्त्यात उभी राहिली आणि दोन्हीकडची वाहनं अडवून धरली.

आणि गाडीतून काकांचा आवाज आला. तीन महिने नीट वाक्य न बोललेला माणूस, पण हे शब्द त्यांच्या तोंडात मुरलेले होते. दिवसाला हजार वेळा प्रवाशांना आणि रोज संध्याकाळी जेवणाची थाळी वाजवत चिल्लरला म्हटलेले. ते अगदी स्वच्छ आले. "चला, पुढे चला, पुढे जागा आहे."

झुडपाखालचा दुमडलेला कानही उभा राहिला. परत आवाज आला. चिल्लर उठला, थांबला, हवा हुंगली आणि मग आमच्याकडे ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडून गाडीत चढला, ज्या गाडीत चढवायला मी महिनाभर जिवाचं रान केलं होतं त्याच गाडीत. तो सरळ त्या एकट्या खुर्चीला बांधलेल्या पिंजऱ्यात जाऊन बसला. मी आधी पिंजरा लावला, मग दार. मामा कर्ण्याकडे बघून म्हणाला, "चढला रे, चढला." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मीही रडले, त्यात लाज कसली?

संध्याकाळी पोचलो. काका ओट्यावर चाकाच्या खुर्चीत बसले होते. ती चाकं बघून चिल्लर क्षणभर थबकला, मग त्यांच्या मांडीवर पुढचे पाय टाकून असा काही कण्हला की शेजारीपाजारी बाहेर आले. काकांचा डावा हात त्याच्या डोक्यावर फिरत होता. मामाने त्यांचा उजवा हात उचलून डाव्याशेजारी ठेवला. लेकीने जेवायला वाढेपर्यंत आम्ही सगळे तिथेच बसून होतो.

सकाळी आम्ही दोघेच परत निघालो. चिल्लर काकांच्या पायाशी होता, रात्रीचं सगळं जेवण चाटूनपुसून संपवलेलं. मामा गाडीत बसला, किल्ली फिरवली आणि ढिम्म बसून राहिला. मी टिंग टिंग म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं. आरशात तो ओट्याकडे बघत होता. ओट्यावर काकांच्या उजव्या हाताखाली पाण्याचं स्टीलचं भांडं होतं. लेक सांगत होती, असू द्या, मी वाजवते. काका मानेनेच नाही म्हणाले. कपाळावर घाम आला, हात वीतभरही उठला नाही, पण बोटं हलली आणि भांडं खुर्चीच्या दांड्यावर आपटलं. टण. आम्ही थांबून राहिलो. बऱ्याच वेळाने दुसरं, टण.

मामाने गाडी हलवली. दोन तासांनी चहाला थांबलो, हातब्रेक ओढला, आणि अंगठा खटक्यापर्यंत जाऊन तिथेच थांबला. मागे कुत्रा नव्हता, पिंजरा रिकामा होता. तरी त्याने, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, मान वळवून मागे बघितलं.

"जा, मागे बस," तो म्हणाला. "दार तू बघ."

मी उठले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.