भोंग्यावर न लावलेली तबकडी

आष्ट्याला माझ्या बहिणीच्या लग्नात जो स्पीकरवाला आला होता, त्याचं नाव मी विचारलंच नाही. तेव्हा मांडवात ग्रामोफोनच्या तबकड्या वाजायच्या. प्रत्येक तबकडी तो धोतराच्या सोग्यानं पुसून लावायचा. एक मात्र फडक्यात गुंडाळून मांडीवरच ठेवली होती.

"ती का लावत नाही?" मी विचारलं.

"आवं, माज्या बायकूचं गानं हाय त्ये. ती गेली. आवाज तिचा, तबकडी म्या इकत घेतली, पर हक्क कंपनीचा. घरात ऐका, भोंग्यावर लावायची न्हाई, असा कागद आलाय."

पंगती बसल्या तेव्हा त्यानं भोंग्याची वायर काढली आणि ती तबकडी लावली. नुसत्या सुईतून डासासारखा बारीक आवाज येऊ लागला. तो कान लावून ऐकत होता, म्हणून मीही वाकलो. गाणं संपलं. त्यानं सुई उचलली, तबकडी थांबली. तरीही ती बाई आणखी एक ओळ गायली.

तबकडी फडक्यात गुंडाळत तो शांतपणे म्हणाला, "ही वळ कंपनीच्या तबकडीत न्हाई. एवढी माजी हाय."