डिझेल कधी तोडायचं

मावशी दिसायला कशी होती, हे उंटाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या घरी कोण होतं, ती कुठून यायची, काहीच माहीत नाही. ओळखीचा होता तो तिचा जरा बसलेला आवाज. एवढ्यावर कुणाबद्दल सांगायला बसू नये खरं तर.

उंट म्हणजे लांब मानेचा ट्रेलर-ड्रायव्हर. खोदाईची अवजड यंत्रं तो माळापलीकडच्या खाणींवर पोचवायचा. तिथे मोबाईल लागत नसे, म्हणून केबिनच्या छतात उपग्रहाशी जोडलेली पेटी होती आणि खाली मावशीशी बोलायला फोन. शहरातल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून मावशी पडद्यावर सगळ्या गाड्यांचे ठिपके बघायची.

"उंटा, मघापासून एकाच जागी काय करतोस? अंडी उबवतोस का?"

"डोळा लागला होता, मावशी."

"मग सांगून झोप की! इथे माझा जीव टांगणीला."

त्या खोलीतून गाडीचं डिझेलही तोडता यायचं. चालत्या गाडीचं तोडलं तर ती उलटायची भीती, म्हणून गाडी उभी राहिली की तोडायचं. धोक्याचा इशारा आला तर पहिल्याच थांब्याला, असा मालकाचा हुकूम होता.

त्या दुपारी रस्त्यावर दगड रचलेले दिसले. उंटानं वेग कमी केला न केला, तोच समोरची काच फुटून मांडीवर आली. तिघे जण होते. डॅशबोर्डखालचं धोक्याचं बटण त्यानं गुडघ्यानं दाबलं आणि पुढच्याच क्षणी चाकाचा पाना त्याच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी आला, कळ मागून आली. त्यांनी केसांना धरून त्याला खाली ओढलं, लाथांनी तुडवलं, बांधून सीटमागच्या फळीवर कोंबलं. फोन ठेचला. छतातली पेटी मात्र कुणाला दिसली नाही.

तोंडातलं रक्त गिळत उंट एकाच गोष्टीची वाट बघत होता. गाडी थांबू दे, मावशी तोडेलच.

गाडी एका ओसाड खाणीजवळ थांबली. इंजिन धडधडत होतं. ते बंद पडेना. 'झोपली का काय ही बाई!' उंटानं मनातल्या मनात तिला नको नको त्या शिव्या घातल्या.

तेवढ्यात तिघांतला जाड्या म्हणाला, "याला इथेच खाणीत लोटू."

"आणि नाक्यावर कुणी विचारलं तर? कागद कुठेत, कुणाला काय सांगायचं, हे यालाच ठाऊक," गाडी चालवणारा म्हणाला. "गाडी कुठे अडकली तर मात्र आधी याचं डोकं फोडायचं. मग पळायचं."

 आता उंट मनातल्या मनात उलटच विनवू लागला. नको गं मावशी, इथे नको. हात लावू नकोस.

इंजिन चालूच राहिलं. गाडी हलली.

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. मागेपुढे ट्रकांची रांग, ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत उभे. ट्रेलर थांबला आणि इंजिन एक आचका देऊन गप्प झालं. जाड्या पाना उचलून मागे वळला. उंटानं बांधलेले दोन्ही पाय त्याच्या तोंडावर झाडले आणि फुटक्या काचेतून ओरडला, "मेलो! वाचवा!"

मग जे झालं ते बघवणारं नव्हतं. ड्रायव्हरांनी तिघांना बाहेर खेचलं. साखळ्या, जॅकचे दांडे, जे हाताला लागेल ते. जाड्याचा एक डोळा गेला. गाडी चालवणारा रुळांकडे सरपटत होता, त्याला पायांना धरून परत आणला आणि हालचाल थांबेपर्यंत मारला. तो तिथेच मेला. कुणीतरी उंटाला टेकवून बसवलं होतं. तो बघत राहिला. "बस करा" म्हणावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

खोलीत काय झालं ते त्याला फार नंतर तिथल्या शिपायाकडून कळलं. खाणीजवळ ठिपका थांबला तसा मालक किंचाळला होता, "तोड! मशीन हातचं जाईल!" मावशी म्हणाली, "तिथे चिटपाखरू नाही. ते त्याला मारून टाकतील." मालकानं तिचा हात पिरगाळून डिझेल तोडायच्या बटणाकडे ओढला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं. कपाळ फुटलं तरी तिनं त्याला बटणाला हात लावू दिला नाही. फाटकाजवळ ठिपका थांबल्यावर तिनं स्वतःच डिझेल तोडलं, पोलिसांना कळवलं, आणि मालकानं तिला तिथल्या तिथे हाकललं.

उंटाला यातलं काहीच ठाऊक नसताना, इस्पितळात त्याच्या बायकोच्या फोनवर मावशीचा फोन आला होता. पुन्हा कधी आला नाही.

"उंटा, मी मावशी. हात कसाय?"

"प्लास्टरमध्ये. खाज फार सुटते."

"खाजवू नकोस. जेवलास?"

"आत्ताच. खिचडीसारखं काहीतरी होतं. मीठच नव्हतं."

"मागून घ्यायचं की रे."

"मागितलं. देत नाहीत."

"बरं. पड आता. ठेवते."

"ठेव."