आधीचा तुकडा

तुमाले वाटलं असन, आता हा पोट्टा कोणाची तरी नक्कल करन. सरपंचाची, गणिताच्या सरायची, नाही तं एसटीच्या कंडक्टरची. बसा, बसा. नक्कल हाये याच्यात, एकच हाये. पण हसू येणार नाही. अन् ही गोष्ट मी आजलोक कोणाले सांगतली नाही. मायले नाही, दोस्तायले नाही.

तं झालं असं… नाही, आधी गाडीचं सांगतो. (मी असाच टाळत राह्यतो, पाहून घ्या.)

माह्या मामाचं मोताळ्यात कृषी केंद्र हाये. मागच्या साली त्यानं नवी लाल गाडी घेतली. कॅमेरा कंपनीतूनच लागून आलेला. समोरचा रस्ता दिसते, अन् गाडीत कोणी बोललं तं आवाज येते. आतली माणसं दिसत नाहीत, फक्त आवाज. मामाले त्यातलं काही समजे नाही, म्हणून ते खातं माह्याकडं. मोबाइल जोडाचा, क्लिपा पाहाच्या, कामाच्या तेवढ्या लॉक कराच्या. कॅमेरा सलग ठेवत नाही ना, तुकडे करते. कार्ड भरलं का जुना तुकडा पुसून त्याच्यावर नवा. लॉक केलेला तेवढा वाचते. अन् गाडीले धक्का बसला, तं तो तुकडा कॅमेरा आपल्या मनानंच लॉक करते. हे ध्यानात ठेवा.

गाडी चालवे सुखदेवकाका. माह्या जन्माच्या आधीपासून मामाकडं. गालात तंबाखूचा खर्रा, अन् वळण आलं का गाडीलेच समजावे — "सबुरीनं बाई, सबुरीनं." ही नक्कल माही सगळ्यात पक्की. गाडीत आम्ही दोघंच असलो का मी करून दाखवो, अन् काका पोट धरून हसे. "अबे, माह्या बायकोले फोन लावशीन तं तिले बी समजणार नाही!" मामासमोर मात्र मी मुका. त्याले वाटे, भाचा लय साधा हाये.

त्या दिवशी रोहिणखेडले साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मामा मांडवात पंगतीले बसला. माह्याकडं शिकाऊ लायसन, अन् मामानं काकाले बजावलं होतं — पोट्ट्याच्या हाती चाबी देऊ नको. पण ऊन लय होतं. काका म्हणे, "घे, गाडी सावलीत लाव. लांब नको नेऊ बे." गाडी चालू करून देल्ली, अन् रुमालाले हात पुसत पुसत गाडीच्या पुढून मांडवाकडं निंघून गेला.

मी सावलीत लावली का? नाही लावली. गावाबाहेरच्या रस्त्याले नेली. एकटाच होतो. गालात जीभ कोंबली, काकासारखी मान वाकडी केली — "सबुरीनं बाई, सबुरीनं…" रस्त्याकडं पाहून नव्हतो राह्यलो. आरशात माहंच तोंड पाहून राह्यलो होतो. कसं जमलं ते.

धप्प.

बकरी होती. पांढरी. मागच्या आरशात दिसली मले — कडेले पडून पाय झाडून राह्यली होती. मी थांबलो नाही. रेस देल्ली. तोंडातून एक शब्द निंघाला नाही. निंघाला असता तं बरं झालं असतं. तो तरी माह्या आवाजात असता.

दुसऱ्या दिवशी बकरीवाली म्हातारी दुकानात आली. लाल गाडी तिनं दुरून वळखली होती, चालवणारा दिसला नव्हता. रडली नाही, भांडली नाही. म्हणे, "मेली तं मेली, भाऊ. पण थांबला काऊन नाही तो? जीव होता तिच्यात. दोन घोट पाणी तं पाजलं असतं."

मामाचं तोंड उतरलं. काका बी तिथंच दारात उभा होता. मले म्हणे, "लाव बे कॅमेरा."

मले सारं माहीत होतं. रात्रीच पाह्यलं होतं. तरी लावली क्लिप. वाटलं, आता मेलो. रस्ता दिसला. आवाज आला — सबुरीनं बाई, सबुरीनं. मंग धप्प. मंग गाडी पळाल्याचा आवाज. बस.

अन् मामा वळला. माह्याकडं नाही — काकाकडं.

"सुखदेव? तू?"

काकानं माह्याकडं पाह्यलं. त्याले ठाऊक होतं तो गळा कोणाचा. वाट पाह्यली त्यानं माही. तुमची कोणी कधी अशी वाट पाह्यली हाये का? मी मोबाइलात मान घालून बसलो. मंग तो हळूच म्हणे, "आवाज तं माहाच हाये, भाऊ."

"अन् थांबला नाहीस?"

"चुकलं."

काऊन म्हणला असन तो तसं? चाबी आपणच देल्ली म्हणून? मले माहीत नाही. मी कधी इचारलं नाही.

मामानं चाबी काढून घेतली. दुकानाची पायरी उतरताना काका माह्यापाशी थांबला. "बाप्पू, त्याच्या आधीचा तुकडा बी असन ना त्याच्यात?"

होता ना. चाबी देताना काकाचा आवाज, माहं "हाव काका," अन् रुमालाले हात पुसत मांडवाकडं चाललेली त्याची पाठ. सारं साफ. पण तवा धक्का बसला नव्हता, म्हणून तो तुकडा लॉक नव्हता. एक बटन दाबाचं होतं.

नाही दाबलं. उलट मामाच्या मांगं लागलो — चाल शेगावले, दर्शन घेऊ, मन शांत होईन. चाल सोनाळ्याले, मावशीले भेटून येऊ. मामा चालवे, मी बाजूले बसो. गाडी जितकी फिरन तितकं कार्ड भरन. महाराजापुढं हात जोडून उभा होतो, अन् मनात काय? अजून किती फिरावं लागन. लोक म्हणत, भाचा मामाले जपते!

एक दिवस पाह्यलं तं तो तुकडा नव्हता. म्या मनाले सांगतलं — म्या कुठी पुसला? गाडीनं पुसला.

पण धप्पवाला होता. तो कॅमेऱ्यानं लॉक केलेला. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याले ऐकवे — पाहा, इतक्या सालाचा माणूस! काकाले मंग कोणीच गाडी देल्ली नाही. बकरी उडवून पळालेला डायवर कोणाले पाह्यजे? मी रस्त्यानं दिसलो का तोच मान वळवे. मी नाही. तो.

शेवटी एका दुपारी मले तो आवाज सहन झाला नाही. दुकानात कोणी नव्हतं. सारं कार्डच साफ करून टाकलं.

अन् मंग आठोलं. ताईची पाठवणी त्याच्यातच होती. मामाच्या पोरीची, याच गाडीतली. मामानं माह्याकडून लॉक करून घेतलेली. ताई रडून राह्यलेली, मामाचा आवाज भरलेला, अन् समोरून काका, खरा काका — "सबुरीनं बाई, सबुरीनं." तवा तो गाडीशी नव्हता बोलून राह्यला.

मामाले समजलं तवा दुकान गिऱ्हाइकायनं भरलं होतं. म्या म्हणलं, कार्डच खराब होतं, आपोआप उडालं. मामा गल्ल्यावरून उठला.

"आपोआप? एक काम देल्लं होतं तुले, एक! पोरगी होती माही त्याच्यात! अन् वरून तोंड करून खोटं बोलतं? अबे, त्या सुखदेवानं बकरी मारली, पळाला, सारं केलं, पण चार लोकायत उभा राहून कबूल तरी झाला. तुह्यात तेवढी बी लाज नाही!"