ओडुंडोची जॅकेटं

नैरोबीच्या जाहिरात कंपनीत ओडुंडोने सोळा वर्षं काढली. साबण, बिस्किटं, मोबाइल, म्हणाल ते त्याने विकून दाखवलं होतं. त्यामुळे सरोवराकाठच्या होमा बे गावात मच्छीमार बुडू नयेत म्हणून झटणाऱ्या एका छोट्या संस्थेने मदत मागितली, तेव्हा साहेबांनी ते काम त्याच्याच गळ्यात घातलं. त्याने पोस्टर केलं: सरोवरात रिकामी होडी, काठावर रडणारी बाई आणि खाली 'लाइफ जॅकेट घाला.' पोस्टरला बक्षीस मिळालं.

तीन महिन्यांनी तो मोठ्या हौसेने किनाऱ्यावर गेला. एकाच्याही अंगात जॅकेट नव्हतं. आणि बाजारातल्या बाया त्याच्या पोस्टरात सुकी ओमेना मासळी बांधून देत होत्या.

संस्था चालवणाऱ्या फेलिस्टाबाईंना सगळे 'मामा' म्हणत, तिकडे मामा म्हणजे आई; त्या स्वतःही मासळीच विकत. त्यांचा नवरा आणि धाकटा दीर, दोघेही पाण्यातच गेले होते.

"कागद जाड आहे हो, नैरोबीवाले," त्या म्हणाल्या. "ओला झाला तरी फाटत नाही."

ओडुंडो ओशाळला. "मामा, माझं चुकलं कुठे?"

"मरणाची भीती कुणाला घालतोस? रोज पहाटे तेच बघून जातात ते. त्या जॅकेटात खांदा वळत नाही, जाळं ओढता येत नाही. विचारलंस कधी कुणाला?"

त्याने विचारलं नव्हतं. सोळा वर्षांत कुणालाच काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

मग त्याने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि होडीवर गेला. हातांना फोड आले, दोनदा ओकला, कोळ्यांना हसायला विषय मिळाला. पण खांदा कुठे अडतो ते त्याला कळलं. किनाऱ्यावरच्या ओचोला शिंप्याने त्याच्या सांगण्यावरून बगलेत खोल कापलेलं जॅकेट शिवलं. ते घालून होडीवरच्या म्हाताऱ्या ओबुयाने जाळं ओढलं आणि तो म्हणाला, "हे चालेल."

त्या दोन शब्दांनी ओडुंडोची झोप उडाली. महिन्याभरात नोकरी सोडून तो मामांच्या संस्थेत कामाला निघाला. बायको, अकुमू, म्हणाली, "तिकडे तुला साहेब कोण म्हणणार?" पण सामान तिनेच बांधलं.

पाच वर्षांनी मामांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी बैठकीत संस्था त्याच्या हाती दिली. "ऐकायला शिकलाय," एवढंच त्यांनी त्याच्याबद्दल सांगितलं.

गेल्या मार्चमध्ये भर सकाळी वादळ आलं आणि रुसिंगा बेटाजवळ एक होडी उलटली. तासाभराने तिच्यातले चौघेही जॅकेटांवर तरंगत जिवंत सापडले. त्यातला एक दुसऱ्याच दिवशी ऑफिसात येऊन भांडला, "तुमच्या जॅकेटाचा पट्टा तुटला. बदलून द्या."

ओडुंडोने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, नवं जॅकेट दिलं. तो माणूस तणतणत गेला. ओडुंडो मात्र बराच वेळ दारात उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत होता. मग डोळे पुसून तो मामांकडे गेला.

"मामा, त्या दिवशी तुम्ही मला गोड बोलून परत पाठवलं असतं तर?"

"गोड बोलायला वेळ कुठे होता?" मामा म्हणाल्या. "बस, जेव. मक्याची उगाली गरम आहे."